शिळा भात, दंडावरचं बटण आणि माझी १४ दिवसांची साखर

रिकामटेकडी (धागाकर्ती) | शनिवार, रात्री १०:१२

ऑफिसच्या वार्षिक तपासणीत माझं एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) ६.१ आलं. ५.७ च्या आत असावं लागतं, ६.५ झालं की मधुमेह. म्हणजे मी बरोब्बर उंबरठ्यावर. वजन ५६ किलो, लहानपणापासून "काडी पैलवान" ऐकत आलेली, त्यामुळे धक्काच बसला. डॉक्टर म्हणाले, गोळी नको, तीन महिने खाण्याचालण्याकडे बघा. मी बघण्याचं जरा जास्तच मनावर घेतलं आणि दंडाला लावायचा ग्लुकोज सेन्सर मागवला. साडेचार हजार गेले. घरात हा आकडा अजून कुणाला सांगितलेला नाही, तुम्हीही सांगू नका.

लावणं सोपं आहे. शिक्का मारावा तसं ते यंत्र दंडाच्या मागे दाबायचं, खट्‌ आवाज येतो आणि दहाच्या नाण्याहून जराशी मोठी चकती चिकटून बसते. आत केसाएवढी बारीक तार जाते, दुखत नाही. १४ दिवस ती मोबाईलवर आलेख काढत राहते. सासूबाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "हे काय, शर्टाचं बटण दंडाला शिवलंस?"

आता मुद्दा. शिळा भात गरम करून खाल्ला तर साखर कमी चढते असं हल्ली जो तो सांगतोय. या आठवड्यात घरून काम होतं, म्हणून प्रयोग केला. इंद्रायणीचा भात, शिजल्यावर वजनकाट्यावर १५० ग्रॅम, वर एक पळी आमटी, वेळ दुपारी एक.

बुधवार, ताजा भात: ९८ वरून १८७.
गुरुवार, बुधवारचाच भात रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून गरम केलेला: ९६ वरून १६४.

२३ चा फरक! आजी रोज सकाळी फोडणीचा भात का करायची ते आज कळलं. अजून कुणी केलंय का असं?

---

खवचट_आजोबा | शनिवार, रात्री १०:४०

एक दिवस ताजा, एक दिवस शिळा. यातून दोन दिवस वेगवेगळे होते एवढंच सिद्ध झालं. आणि आजी फोडणीचा भात करायची कारण भात उरायचा. टाकून द्यायची ऐपत नव्हती. तिच्या माथी विज्ञान मारू नका.

---

सिंधुदुर्गी | शनिवार, रात्री ११:०५

आजोबा, सुरुवातच टोमण्याने? :)

ताई, इंद्रायणी सोडा आणि उकड्या तांदळाची पेज पिऊन बघा. आमच्याकडे सकाळी दहाला पेज, सोबत सुकटीची चटणी नाहीतर लोणच्याची फोड. माझे आजोबा ८८ पर्यंत शेतात जात होते. साखरबिखर काही नाही.

---

खवचट_आजोबा | शनिवार, रात्री ११:११

दिवसभर नांगर धरला तर मलाही साखरबिखर काही नसती.

---

स्टार्चवाला | रविवार, सकाळी ७:५०

मी अन्नतंत्रज्ञान शिकवतो, त्यामुळे हा धागा दिसल्यावर चहा गार झाला.

भातातला स्टार्च दोन प्रकारचा. अमायलोज म्हणजे लांब सरळ साखळ्या, अमायलोपेक्टिन म्हणजे फांद्याफांद्यांचं झुडूप. शिजवताना पाणी शिरून दोन्ही फुगतात, सैल होतात. थंड होताना अमायलोजच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगून घट्ट रचना करतात. ती आपल्या लहान आतड्यातल्या विकरांना (एन्झाइमना) सहज कापता येत नाही. मग तो भाग न पचता मोठ्या आतड्यात जातो आणि तिथले जिवाणू तो खातात. १९८२ मध्ये हान्स इंग्लिस्ट यांनी त्याला जे नाव दिलं त्याचं मराठी 'प्रतिरोधी स्टार्च' असं करतात. पुन्हा गरम केलं तरी ही रचना बरीचशी टिकते. म्हणजे तुम्ही ऐकलंय ते खोटं नाही.

पण किती? इंडोनेशियात १५ निरोगी माणसांवर झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये छापून आला, सगळे व्हिडिओवाले तोच फिरवतात. ताज्या भातात १०० ग्रॅमला ०.६४ ग्रॅम प्रतिरोधी स्टार्च. २४ तास ४ अंशांवर ठेवून गरम केलेल्या भातात १.६५ ग्रॅम. त्या लोकांची साखर ताज्यापेक्षा कमी चढली हे खरं. पण ग्रॅमात बघा: तुमच्या १५० ग्रॅम भातात फरक पडला दीड ग्रॅमचा. त्याच भातात चाळीसेक ग्रॅम कर्बोदकं आहेत. एवढ्याने २३ उतरावेत हे मला जड जातंय.

त्यात तुमचा तांदूळ इंद्रायणी. शिजल्यावर जो तांदूळ चिकटतो त्यात अमायलोज कमी असतो, म्हणजे थंड करून घट्ट व्हायला मुळात मालच कमी. प्रयोग करायचा तर मोकळा होणाऱ्या तांदळावर करा.

आणि एक शंका. भात वजन केला कधी? फ्रिजमध्ये पाणी उडतं. गरम केल्यावर १५० मोजले असतील तर गुरुवारी तुम्ही जास्त भात खाल्लात.

---

रिकामटेकडी | रविवार, सकाळी ८:२०

बुधवारीच मोजून डब्यात भरला होता. इतकीही रिकामटेकडी नाही!

आजोबांचं मात्र लागलं. आज आणि उद्या पुन्हा ताजाच खाते. बघू.

---

कडूनिंब | रविवार, सकाळी ९:३५

कोल्हापुरात फिजिशियन आहे, रविवारी इथे पडीक. शिळ्या भाताची लाट आल्यापासून एक गोष्ट घसा कोरडा करून सांगतोय, इथेही सांगतो.

रात्री कुकर ओट्यावर तसाच, सकाळी त्यातला भात परतला, असं करू नका. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. शिजवून ते मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते उगवतात आणि विष तयार करतात. उलट्या घडवणारं ते विष उष्णता पचवतं, त्यामुळे कढई कितीही तापवलीत तरी जात नाही. भात झाला की तासाभरात पसरट डब्यात काढा, फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी संपवा, एकदाच गरम करा. "आम्ही वर्षानुवर्षं खातोय" हे उत्तर मला माहीत आहे. ज्यांना सलाईन लावलं तेही हेच म्हणत होते.

धागाकर्तीच्या "मी तर बारीक" या मुद्द्यावर: पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक फोटो छापला. शेजारी इंग्लंडचे प्राध्यापक जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. वरून बारीक, आतून जाड, असा हा आपला भारतीय साचा. काडी पैलवानांनी गाफील राहू नये ते याचसाठी.

---

मालदंडी | रविवार, दुपारी १:०२

नमस्कार मंडळी. मंगळवेढ्याकडचा हाय. तुम्ही सगळे भातावर भांडायलाय, आमच्या शाळूला कुणी विचारंना. आमच्या ज्वारीला तर जीआय मिळालाय, सरकारी कागद हाय.

---

स्टार्चवाला | रविवार, दुपारी १:१५

मालदंडीभाऊ, तो जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन. डॉक्टर म्हणतात तो जीआय म्हणजे ग्लायसेमिक इंडेक्स, टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांनी १९८१ मध्ये काढलेला, साखर किती वेगाने चढते त्याचा. दोन्हींचा काडीचा संबंध नाही!

---

मालदंडी | रविवार, दुपारी १:२३

म्हायत हाय सर. पण पुण्यामुंबईच्या प्रदर्शनात पाटीवर 'जीआय ज्वारी' लिवलं की शुगरवाली माणसं आपणहून थांबत्यात. आपण कशाला बोलायचं 😀

खरं सांगू? २०२३ ला भरडधान्य वर्ष झालं, लई भाषणं झाली. पण शाळू हातानं उपटून काढावा लागतो. काळ्या रानात, उन्हात, ओणवं होऊन. त्याला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर त्यांची हजेरी परवडत नाही. माझ्याच भावकीत दोघांनी पाणी आलं तसा ऊस लावला. ज्वारी पेरतो ती घरच्या भाकरीला आणि जनावराच्या कडब्याला. तुम्ही बिस्किटात दोन चिमटी ज्वारी घातलेला पुडा शंभराला घेता, त्यातलं आम्हाला काय येतंय?

---

सिंधुदुर्गी | रविवार, दुपारी १:४०

+१. 'मिलेट' लिहिलेल्या पुड्याची मागची बाजू वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचा नियम आहे. मी परवा एक उचलला: पहिला मैदा, मग साखर, मग पाम तेल, आणि नाचणी बिचारी पार मागच्या बाकावर.

---

रिकामटेकडी | सोमवार, रात्री ९:३०

निकाल जाहीर करते. हसू नका.

रविवारी ताजा भात, तोच काटा, तीच आमटी: १६९.
सोमवारी पुन्हा ताजा: १८१.

म्हणजे ताजा भात १८७, १६९, १८१ आणि शिळा १६४. रविवारचा ताजा आणि गुरुवारचा शिळा यांच्यात ५ चा फरक! आजोबा, पाय कुठेत?

---

खवचट_आजोबा | सोमवार, रात्री ९:४१

गुडघे बदललेत, वाकून नमस्कार नको. दुरून चालेल.

---

कडूनिंब | सोमवार, रात्री १०:१५

यात हसण्यासारखं काही नाही. तोच माणूस, तेच जेवण, तरी आकडा हलतो. आदल्या रात्रीची झोप, सकाळी किती पायपीट झाली, आधी काय खाल्लं होतं, सगळं त्यात उतरतं. शिवाय सेन्सर रक्त मोजत नाही. तो पेशींच्या मधला द्रव मोजतो, म्हणून रक्ताच्या पाच ते पंधरा मिनिटं मागे चालतो, आणि वर पाचदहा टक्के इकडेतिकडे. १६४ आणि १६९ हे माझ्या लेखी एकच आकडे.

माणसागणिक तर फरक आहेच. इस्रायलच्या वाइझमन संस्थेने २०१५ मध्ये ८०० लोकांना असे सेन्सर लावून ४६ हजारांवर जेवणं तपासली. एकाच पदार्थाने एकाची साखर उडते, दुसऱ्याची ढिम्म हलत नाही. त्यामुळे शेजारणीचा आलेख बघून स्वतःच्या पोळ्या मोजू नयेत.

---

एडिसनकर | मंगळवार, सकाळी ६:२०

न्यू जर्सीहून. इथे २०२४ पासून चिठ्ठीशिवाय सेन्सर मिळतात. आमच्या महाराष्ट्र मंडळात आता दिवाळी फराळाला निम्म्या लोकांच्या दंडावर बटणं असतात आणि चकली खाऊन सगळे मोबाईल बघतात. माझा स्वतःचा शोध: मिसळपाव. दोन तासांनी १३२, मी खूश. तीन तासांनी १७८!

---

कडूनिंब | मंगळवार, सकाळी ८:००

कट. तेलामुळे पोट सावकाश रिकामं होतं, म्हणून साखर उशिरा चढते. उशिरा म्हणजे कमी नव्हे. फोडणीच्या भातालाही हेच लागू, "तेल-शेंगदाणे घातले की साखर चढत नाही" म्हणणाऱ्यांनी तीन तास थांबून बघावं.

---

रिकामटेकडी | बुधवार, पहाटे ३:२५

कुणी जागं आहे का? अलार्म वाजला. साखर ५८ दाखवतोय आणि लाल बाण खाली. घाबरून दोन चमचे साखर खाल्ली. नवरा मोबाईलचा टॉर्च घेऊन उभा, सासूबाई "सांगत होते, नको ते अंगाला लावू" म्हणत देवापाशी. आता १४१. मला तर काहीच होत नव्हतं, घाम नाही, थरथर नाही.

---

एडिसनकर | बुधवार, पहाटे ३:३१

मी जागा आहे, इथे संध्याकाळ. तुम्ही त्याच दंडावर झोपला होतात का?

---

रिकामटेकडी | बुधवार, पहाटे ३:३३

हो! डाव्या कुशीवर, हात खाली.

---

कडूनिंब | बुधवार, सकाळी ७:१०

एडिसनकरांनी बरोबर ओळखलं. दंड दाबला गेला की तिथला द्रव हलत नाही आणि सेन्सर खोटा खालचा आकडा दाखवतो. कूस बदलली की थोड्या वेळात आपोआप वर येतो. शंका आली तर बोटाला टोचून ग्लुकोमीटरवर बघायचं. मात्र जे इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेतात त्यांनी असा अलार्म खोटा समजून झोपू नये. तुम्ही काहीच घेत नाही, म्हणून हे सांगतोय.

आणखी एक: तुमचं हिमोग्लोबिन किती? लोह कमी असेल तर एचबीएवनसी उगाच चढलेलं दिसू शकतं. आपल्याकडे १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे, त्यामुळे हे आधी तपासायला हवं होतं.

---

रिकामटेकडी | बुधवार, सकाळी ७:४०

१०.२. कुणी विचारलंच नव्हतं. उद्या लोहाची तपासणी करून घेते.

---

सिंधुदुर्गी | गुरुवार, सकाळी ११:१५

उकड्या तांदळाचं कुणी बोललं नाही. स्टार्चवाले सर, आमच्या पेजेवर काहीतरी लिहा हो, चार दिवस वाट बघतेय.

---

स्टार्चवाला | गुरुवार, संध्याकाळी ६:०५

माफ करा! उकडा तांदूळ खरं तर या धाग्याचा नायक व्हायला हवा. भात सालासकट भिजवतात, वाफवतात, वाळवतात आणि मग भरडतात. म्हणजे स्टार्च एकदा फुगून, थंड होऊन घट्ट होण्याचं काम तुमच्या स्वयंपाकघरात यायच्या आधीच बरंचसं उरकलेलं असतं. शिवाय वाफवताना कोंड्यातली ब जीवनसत्त्वं दाण्यात उतरतात, ती पॉलिशने पूर्ण जात नाहीत. साखर साध्या पांढऱ्या भातापेक्षा सहसा सावकाश चढते. पण पेज मऊसूत शिजवली आणि दोन वाडगे प्यायलात तर शेवटी भात तो भात.

फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने तर प्रजननातूनच ४५ च्या खाली ग्लायसेमिक इंडेक्स असलेला, भरपूर प्रथिनांचा तांदूळ तयार केलाय. २०२४ मध्ये त्यावर शोधनिबंध आला. आपल्या ताटात कधी येतो आणि आमटीशी कसा जुळतो, ते पुढे बघू. असा तांदूळ फडफडीत होतो. इंद्रायणीच्या वासावर वाढलेल्या माणसाला तो रुचेल असं वाटत नाही.

---

रिकामटेकडी | रविवार, रात्री ९:१५

शेवटचे प्रयोग. आता प्रत्येक गोष्ट दोनदा केली, आजोबांच्या धाकाने.

आधी काकडीची कोशिंबीर आणि वाटीभर मटकीची उसळ, दहा मिनिटांनी तोच १५० ग्रॅम ताजा भात: १५२ आणि १४८.
भात निम्मा, उसळ दुप्पट: १३४ आणि १३९.
नेहमीचा भात, पण जेवल्यावर लगेच सोसायटीत पंधरा मिनिटं चालणं: १४४ आणि १५१.
सोलापुरी ज्वारीच्या दोन भाकऱ्या, पिठलं, कांदा: १५५ आणि १४९. मालदंडी, राग मानू नका, तीन भाकऱ्या खाल्ल्या तेव्हा १७२ झाले. तो एकदाच केला. पिठलं संपलं.

शतपावलीचं ऐकून सासरे जाम खूश. तीस वर्षं हेच सांगतोय म्हणाले. आम्ही मोजलं, त्यांची शतपावली हॉलमधून टीव्हीपर्यंत २२ पावलांची आहे.

---

खवचट_आजोबा | रविवार, रात्री ९:३०

दोनदा केलंत, बरं वाटलं. पण उसळ-कोशिंबीर घातलीत म्हणजे जेवणही वाढलं. भात कमी न करता नुसतं वाढवत गेलात तर साखरेऐवजी वजनाचा धागा काढावा लागेल.

---

कडूनिंब | रविवार, रात्री ९:५०

आजोबांशी सहमत, हे वाक्य लिहिताना बोटं थरथरली. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेलमध्ये २०१५ च्या सुमारास अल्पना शुक्ला यांच्या गटाने हाच क्रम तपासला होता, आधी भाज्या नि प्रथिनं, शेवटी पाव. साखर बरीच कमी चढली. माणसं ११ च होती, पण पुढच्या अभ्यासांतही तोच कल दिसला. आपल्या ताटाची अडचण वेगळी. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत भारतीयांच्या आहारातली सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते असं दिसलं. पोळी, वर भात, मध्ये बटाटा, आणि डाळ एवढी पातळ की तळ दिसतो. भात शिळा करण्यापेक्षा आमटी घट्ट करा.

---

मालदंडी | सोमवार, सकाळी ६:३०

राग कशाचा ताई. तीन भाकऱ्या खाऊन रानात या, दुपारपातूर शंभरावर आणून दाखवतो. एकादशी जवळ आलीय, साबुदाण्याची खिचडी मोजा की. आमच्यात उपवासाला तेच चालतं, आणि लोक म्हणत्यात आज पोटाला इश्रांती.

---

स्टार्चवाला | सोमवार, सकाळी ८:१०

अहो, साबुदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदातून काढलेला जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्यावर बटाटा. ताई, मोजाच. बुधवारी एकादशी आहे ना?

---

रिकामटेकडी | मंगळवार, रात्री १०:५५

लोहाचा रिपोर्ट आला, फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा फक्त ७. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्यात आणि एचबीएवनसी तीन महिन्यांनी पुन्हा करायला सांगितलंय. कडूनिंब, मनापासून आभार.

साबुदाणा मोजायची फार इच्छा होती. भिजतही घातलाय. पण आत्ता ८:४० ला १४ दिवस पूर्ण झाले आणि सेन्सर बंद पडला. खोबरेल तेल लावून चकती सोलून काढली, दंडावर पांढरा गोल उरलाय.

सासूबाई म्हणाल्या, "उद्या एकादशी आणि आजच मिटलं? शहाणं आहे हो तुझं बटण."